आयर्लंड-ब्रिटन जवळीक मागणारे छोटे दबावगट: कोणाचं जमलं, कोणाचं अडलं?

पैलतीर

आयर्लंडचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी स्वातंत्र्यनेते डी व्हॅलेरा, फाळणी आणि आयआरए या सशस्त्र संघटनेवर थांबते. पण आयर्लंडमध्ये (म्हणजे दक्षिणेच्या प्रजासत्ताकात) ब्रिटनशी संबंध अधिक घट्ट व्हावेत असं उघडपणे मागणारे छोटे गटही आहेत. त्यांच्यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

ठळक उदाहरण रिफॉर्म मूव्हमेंटचं. डब्लिनचा हा अगदी लहान गट. रॉबिन बरी आणि कॉर्क विद्यापीठातले इतिहासकार जेफ्री रॉबर्ट्स ही त्यातली माहितीची नावं. मुख्य मागणी अशी, की आयर्लंडने प्रजासत्ताक राहूनच राष्ट्रकुलात परत यावं. त्याला जोडून दक्षिणेत जन्मलेल्या आणि स्वतःला ब्रिटिशही मानणाऱ्यांना ब्रिटिश नागरिकत्वाची वाट मोकळी व्हावी, हेही.

भारताचा धागा इथेच येतो. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' कायदा १८ एप्रिल १९४९ ला लागू झाला आणि आयर्लंड राष्ट्रकुलाबाहेर पडला. अवघ्या दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक होऊनही आत राहण्याची सोय करून दिली. आज ५६ सदस्यांपैकी बहुसंख्य प्रजासत्ताकंच आहेत. तरीही ही मागणी पंचवीसेक वर्षं जागची हलत नाही.

प्रश्न असा: अशा छोट्या गटाने नेमकं काय केलं की हाती काही लागतं? माझं मत, मागणी रास्त आहे, मांडणी चुकते आहे.

बखरकार

दहा दिवसांचा योगायोग वाचायला छान वाटतो, पण 'दहा दिवस थांबले असते तर बाहेर पडावं लागलं नसतं' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. १९३२ नंतर आयर्लंडने राष्ट्रकुलाच्या परिषदांकडे पाठच फिरवली होती. १९३६ च्या परराष्ट्र संबंध कायद्याने राजाचा उपयोग फक्त राजदूतांच्या नेमणुका आणि करारांपुरता उरला. पंतप्रधान कॉस्टेलोंनी सप्टेंबर १९४८ मध्ये ओटावात जे जाहीर केलं, ते उरलेला दोर कापणं होतं.

आणि दोर कापल्यावरही ब्रिटनने काय केलं ते बघा. १९४९ च्या आयर्लंड कायद्यात स्पष्ट लिहिलं की आयर्लंड हा ब्रिटनच्या कायद्याच्या दृष्टीने 'परदेश' नाही. म्हणजे राष्ट्रकुलातून मिळायचे ते व्यवहारातले हक्क आयरिश माणसाला बाहेर राहूनच मिळाले. रिफॉर्मवाल्यांची खरी अडचण ही. सदस्यत्वाने सामान्य आयरिश माणसाच्या रोजच्या जगण्यात भर काय पडणार, याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही.

त्याच कायद्यात उत्तरेच्या संसदेच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंड ब्रिटनबाहेर जाणार नाही अशी हमीही घातली. डब्लिनला ती झोंबली. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने चिमटा काढला.

कोकणकडा

+१. रोजच्या हक्कांची यादी एकदा मांडूनच टाकू. कॉमन ट्रॅव्हल एरिया १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, दुसऱ्या महायुद्धात थांबला आणि १९५२ ला परत सुरू झाला. ८ मे २०१९ ला दोन्ही सरकारांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. राहणं, नोकरी, आरोग्यसेवा, शिक्षण, सामाजिक सुरक्षा, मतदान, सगळं त्यात आलं. ब्रेक्झिटनंतरही ते टिकलं, कारण त्याचा पाया युरोपीय कायद्यात नव्हताच.

मतदानात मात्र सारखेपणा नाही. आयरिश नागरिक ब्रिटनमध्ये राहत असेल तर तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देतो. ब्रिटिश नागरिकाला आयर्लंडमध्ये डॉइलसाठी (संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी) मत देता यावं म्हणून १९८४ मध्ये नववी घटनादुरुस्ती करावी लागली, कारण आधीचं विधेयक सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणूक आणि सार्वमत यांत त्याला आजही मत नाही. जवळीक मागणाऱ्या गटांनी यातलं सार्वमतावरचं बंधन हातात घेतलं असतं तर ती मोजता येईल अशी मागणी झाली असती.

सुगरणबाई

मध्येच विचारते, हा कॉमन ट्रॅव्हल एरिया भारतीय पासपोर्टवाल्यांनाही लागू होतो का? डब्लिनहून बेलफास्टच्या ट्रेनमध्ये कोणी काही विचारत नाही म्हणतात.

कोकणकडा

@सुगरणबाई, नाही. तपासणी नसणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातले हक्क फक्त ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांचे. डब्लिनमध्ये आयरिश परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाला बेलफास्टला जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो, सीमेवर चौकी नसली तरी. वाटेत कुठेही विचारपूस झाली आणि कागद नसला तर पुढच्या अर्जांवर डाग लागतो.

भारतातून पर्यटनाला येणाऱ्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. लंडनचा व्हिसा घेऊन थेट डब्लिनला उतरायला गेलात तर अडवतील.

आणि आपल्या लोकांना माहीत हवी अशी आणखी एक गोष्ट: राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयाला तिथल्या संसदेसाठी मत आहे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयाला फक्त स्थानिक निवडणुकीत.

सुगरणबाई

धन्यवाद. हे नाशिकच्या भाच्याला आत्ताच पाठवते.

दीपस्तंभ

पैलतीर यांच्या 'नेमकं काय केलं की' या प्रश्नाकडे येतो. आधी पैशाची आणि कायद्याची चौकट समजून घ्यायला हवी. निम्मे गट तिथेच अडखळतात.

आयर्लंडच्या १९९७ च्या निवडणूक कायद्यात 'त्रयस्थ पक्ष' नावाची वर्गवारी आहे. तुम्ही निवडणूक लढवत नाही, पण सरकारच्या धोरणाच्या बाजूने किंवा विरोधात मोहीम चालवता आणि त्यासाठी १०० युरोंपेक्षा मोठी देणगी घेता, की तुम्ही त्यात आलात. मग स्टँडर्ड्स इन पब्लिक ऑफिस कमिशनकडे (सार्वजनिक पदांवरच्या आचारावर लक्ष ठेवणारा आयोग) नोंदणी करायची, देणग्यांसाठी वेगळं बँक खातं उघडायचं आणि दर वर्षी ३१ मार्चपर्यंत त्या खात्याचं विवरण आणि प्रमाणपत्र द्यायचं. एका देणगीदाराकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० युरो. निनावी देणगी १०० युरोंपर्यंतच.

जवळीक मागणाऱ्या गटांना सगळ्यात जड जाणारी अट वेगळीच आहे. आयर्लंड बेटाबाहेर राहणाऱ्या आणि आयरिश नागरिक नसलेल्या व्यक्तीकडून देणगी घेता येत नाही. म्हणजे बेलफास्टचा ब्रिटिश समर्थक पैसे देऊ शकतो, लिव्हरपूलचा देऊ शकत नाही. ज्यांची मागणीच ब्रिटनशी जवळीक ही आहे, त्यांना ब्रिटनमधल्या सहानुभूतीदारांचा पैसा बंद. उलट दिशेला उत्तर आयर्लंडमधल्या पक्षांना आयरिश नागरिकांकडून देणग्या घेता येतात, तशी सवलत तिथल्या कायद्यातच ठेवली आहे.

दुसरा मुद्दा लॉबिंग नोंदवहीचा. २०१५ चा कायदा, अंमल १ सप्टेंबर २०१५ पासून. वर्षाला तीन विवरणं, २१ जानेवारी, २१ मे आणि २१ सप्टेंबरपर्यंत. पण एखाद्या प्रश्नासाठी काम करणाऱ्या संस्थेत एकही पगारी कर्मचारी नसेल तर साधारणपणे तिला ही नोंदणी लागत नाही. म्हणून बरेच छोटे गट निव्वळ स्वयंसेवकांवर चालतात. तोटा असा की मंत्र्याला भेटल्याची सार्वजनिक नोंद राहत नाही आणि पुढे 'आम्ही हे मांडलं होतं' याला कागदी पुरावा उरत नाही. पत्राची पोच आणि भेटीचं टिपण पहिल्या दिवसापासून जपून ठेवणं हाच त्यावर उपाय.

तिसरी धर्मादाय दर्जाची भानगड. २००९ च्या धर्मादाय कायद्यानुसार राजकीय उद्दिष्ट पुढे नेणाऱ्या संस्थेला हा दर्जा मिळत नाही, ते उद्दिष्ट थेट धर्मादाय कामाशी जोडलेलं असल्याशिवाय. समेट, शाळांच्या सहली, संयुक्त खेळ यांना दर्जा मिळतो. 'राष्ट्रकुलात चला' याला नाही. त्यामुळे दोन संस्था ठेवायच्या असतील तर खाती, समिती आणि पत्रव्यवहार पूर्ण वेगळे हवेत. सरमिसळ झाली की दर्जा धोक्यात येतो.

पैलतीर

बेटाबाहेरच्या देणगीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, त्यामुळे बरंच उलगडलं. म्हणजे या गटांचा लहानपणा काही अंशी कायद्यानेच ठरवलेला आहे.

तांबडं फुटलं

मला हे सगळं फार सोज्ज्वळ वाटतंय. 'जवळीक' हा शब्द पुढे करून युनियनवादच (उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहावं ही भूमिका) मागच्या दाराने आणायचा, हा आयरिश लोकांचा जुना संशय आहे आणि तो उगाच नाही. ब्रिटनमध्ये 'फ्रेंड्स ऑफ द युनियन' हा गट ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांमधल्या १९८५ च्या अँग्लो-आयरिश कराराच्या विरोधातून उभा राहिला. त्यातले प्रमुख खासदार इयन गाव यांनी त्या करारावरून मंत्रिपद सोडलं होतं. म्हणजे दोन सरकारं जवळ येत होती आणि 'युनियन'चे मित्र त्याला विरोध करत होते. मग जवळीक कोणाला हवी होती?

बखरकार

@तांबडं फुटलं, तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष नाही. इथे तीन वेगळ्या जातीचे गट एकत्र मोजले जातायत.

पहिले, उत्तर आयर्लंडला ब्रिटनमध्ये अधिक पक्कं बसवू पाहणारे. फ्रेंड्स ऑफ द युनियन त्यातले. १९८६ चा कॅम्पेन फॉर इक्वल सिटिझनशिपही त्यातलाच, रॉबर्ट मॅकार्टनी त्याचे अध्यक्ष. त्यांची मागणी अशी की ब्रिटनच्या मोठ्या पक्षांनी उत्तरेत उमेदवार उभे करावेत, म्हणजे मतदाराला लंडनचं सरकार निवडण्यात खरा वाटा मिळेल. १९८९ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने तिथे शाखा मान्य केल्या. लेबरने २००३ मध्ये तिथल्या रहिवाशांना सदस्यत्व दिलं, तेही कायदेशीर दबाव आल्यावर. इयन गाव यांची ३० जुलै १९९० ला आयआरएने गाडीखाली बॉम्ब ठेवून हत्या केली. अशा भूमिकेची किंमत काय असू शकत होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरे, दक्षिणेत राहून हिंसेच्या विरोधात बोलणारे. १९८९ चं न्यू कन्सेन्सस, मायकल न्यूजंट त्याच्या संस्थापकांपैकी. त्याच वर्षीची पीस ट्रेन. आयआरए डब्लिन-बेलफास्ट रेल्वेमार्गावर वारंवार बॉम्ब ठेवत होती, म्हणून लोक मुद्दाम त्याच गाडीत बसून प्रवास करायला निघाले. बेलफास्टमधून सॅम मकऑट्री आणि डब्लिनमधून ख्रिस हडसन पुढे होते. ब्रिटनच्या राजाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. साधी रेल्वे सुरू राहावी, इतकीच मागणी.

तिसरे, रिफॉर्मसारखे. दक्षिणेत राहून ब्रिटिश वारशाला उघड जागा मागणारे.

या तिघांना एकाच रांगेत बसवलं की कोणाचं काय जमलं हे दिसेनासं होतं.

तांबडं फुटलं

वर्गवारी मान्य. पण सामान्य आयरिश मतदार ती करत नाही, हाही अडथळ्याचाच भाग. २५ फेब्रुवारी २००६ ला 'लव्ह अल्स्टर'चा मोर्चा डब्लिनला आला आणि ओ'कॉनेल स्ट्रीटवर दंगल झाली. मोर्चेकरी उत्तरेतल्या हिंसाचाराच्या बळींचे नातेवाईक आणि युनियनवादी, पण त्यानंतर कित्येक दिवस डब्लिनमधल्या कुठल्याही ब्रिटिश-अनुकूल गटाकडे त्याच चष्म्यातून पाहिलं गेलं.

मोरपीस

राजकीय गटांपेक्षा शांतपणे चालणाऱ्या संस्थांनी जास्त केलं, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश आयरिश असोसिएशन १९७२ ची. वर्षातून एकदा, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजात शनिवार-रविवार गाठून परिषद. फक्त निमंत्रितांसाठी, आणि तिथे कोण काय म्हणालं हे नावानिशी बाहेर सांगायचं नाही हा नियम. मंत्री, सनदी अधिकारी, पत्रकार, पाद्री, उत्तरेतले सगळ्या रंगांचे नेते एकाच भोजनालयात जेवतात. तिथे ठराव होत नाहीत, जाहीरनामा निघत नाही. म्हणूनच मंडळी येतात.

को-ऑपरेशन नॉर्थ १९७९ ची, ब्रेंडन ओ'रीगन यांची. शॅनन विमानतळावरचं ड्यूटी-फ्री दुकान उभं करणारे तेच. संस्थेचं नाव पुढे को-ऑपरेशन आयर्लंड झालं. २७ जून २०१२ ला बेलफास्टच्या लिरिक थिएटरमध्ये राणी एलिझाबेथ आणि आयआरएचे एकेकाळचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांचं हस्तांदोलन झालं, तो कार्यक्रम या संस्थेचा होता. दोन सरकारांना थेट करता न येणारी गोष्ट त्यांच्या छताखाली झाली. ती जागा तयार व्हायला तेहतीस वर्षांचं काम लागलं.

दीपस्तंभ

@मोरपीस, सहमत, पण या मार्गाची मर्यादाही सांगा. बंद खोलीतल्या परिषदेला निमंत्रण कोणाला, हे ठरवणारे थोडे असतात. राष्ट्रकुलवाल्या गटाला तिथे खुर्ची मिळाली तरी मागणी पुढे ढकलायला संसदेतला माणूस लागतोच.

आणि आयर्लंडची निवडणूक पद्धत विखुरलेल्या समर्थकांना साथ देत नाही. एकल संक्रमणीय मत (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो), प्रत्येक मतदारसंघात ३ ते ५ जागा. उमेदवाराचं लक्ष आपल्या भागातल्या रस्त्यावर, दवाखान्यावर आणि खालच्या पसंतीच्या मतांवर असतं. देशभर मिळून काही हजार लोकांना एखादा मुद्दा मनापासून पटतो, पण एका मतदारसंघात त्यातले शे-दीडशे. त्यासाठी कोणी उमेदवार जोखीम घेत नाही.

म्हणून शॅनड, म्हणजे वरचं सभागृह, जास्त उपयोगाचं ठरलं. ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांच्या तीन जागांवरून पक्षाच्या चाकोरीबाहेरचे विचार मांडता येत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन तिथूनच निवडून येत. १९८५ च्या करारात युनियनवाद्यांना विश्वासात घेतलं नाही म्हणून त्यांनी आयरिश लेबर पक्ष सोडला. नंतर फाइन गेल पक्षाचे फ्रँक फीहन यांनी राष्ट्रकुलात परत जाण्याचा विषय जाहीरपणे लावून धरला. फिआना फॉल पक्षात एमॉन ओ क्वीव यांनी तर त्याच्याही आधी तो बोलून दाखवला होता, आणि ते डी व्हॅलेरांचे नातू!

बखरकार

नातवाचा मुद्दा फार बोलका आहे, कारण आजोबांनाही १९४८ ची घाई पसंत नव्हती.

घटनेबद्दल थोडं. अनेकांचा समज आहे की राष्ट्रकुलात यायला आयर्लंडला सार्वमत घ्यावं लागेल. कलम २९.४.२ वाचा. 'आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी राज्य ज्या राष्ट्रगटाशी संलग्न असेल किंवा होईल' त्याची कार्यपद्धती सरकारला कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत वापरता येते. १९३७ मध्ये ते वाक्य राष्ट्रकुल नजरेसमोर ठेवूनच घातलं होतं, आणि ते आजही तसंच आहे. कराराने तिजोरीवर भार पडणार असेल तर कलम २९.५ नुसार त्याच्या अटींना डॉइलची मंजुरी लागेल. रस्ता इतका मोकळा असताना रिफॉर्मने घटनेवर वाद घालण्यात वेळ घालवायची गरज नाही.

राष्ट्रकुलाकडूनची प्रक्रिया: सरचिटणीसांशी अनौपचारिक चाचपणी, मग सदस्यांशी सल्लामसलत, मग औपचारिक अर्जाचं निमंत्रण, शेवटी सर्व सदस्यांची सहमती. अर्ज सरकारनेच करायचा. निकष २००७ च्या कंपाला बैठकीत ठरले. लोकशाही, कायद्याचं राज्य, आपसांतल्या व्यवहाराची भाषा इंग्रजी, आणि राष्ट्रकुलाचं प्रमुखपद मान्य करणं. शेवटचा निकषच डब्लिनमध्ये अडतो. ते पद वंशपरंपरागत नाही, २०१८ मध्ये चार्ल्स यांची निवड सदस्य देशांच्या प्रमुखांनी केली. पण मथळा 'राजा' असाच येणार.

मोरपीस

मग तुलनेसाठी फ्रँकोफोनी, म्हणजे फ्रेंच भाषेशी नातं असलेल्या देशांची संघटना, घ्या. २०१८ मध्ये आयर्लंड त्या संघटनेत निरीक्षक झाला. एकही मोर्चा नाही, एकही संतप्त संपादकीय नाही. ब्रेक्झिटनंतर नवे मित्र हवेत, इतकं कारण पुरलं.

कोकणकडा

राष्ट्रकुलात निरीक्षकाचं पद नाही ना, तिथेच घोडं पेंड खातं.

नागरिकत्वाच्या मागणीचं काय झालं ते राहिलं. १९४९ पूर्वी दक्षिणेत जन्मलेल्यांना १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याचं कलम ३१ आहे. पूर्वीची ब्रिटिश सरकारी सेवा, ब्रिटिश पासपोर्ट किंवा ब्रिटनशी जवळचे संबंध यांपैकी एक दाखवून 'ब्रिटिश प्रजा' हा दर्जा राखण्याचा दावा करता येतो. लक्षात ठेवा, हा दर्जा नागरिकत्वापेक्षा वेगळा आहे. नंतर जन्मलेल्यांना तेही दार नाही.

२०२४ च्या ब्रिटिश कायद्याने आयरिश नागरिकांना 'लाइफ इन द यूके' परीक्षेशिवाय नोंदणीने नागरिकत्व मिळायची सोय झाली. विधेयक डीयूपी या उत्तरेतल्या युनियनवादी पक्षाचे गॅव्हिन रॉबिन्सन यांचं. पण अट पाच वर्षं ब्रिटनमध्ये किंवा उत्तर आयर्लंडमध्ये राहण्याची. उत्तरेतल्या डेरीत राहणाऱ्या, पण प्रजासत्ताकातल्या डोनेगॉलच्या माणसाला फायदा, डोनेगॉलमध्येच राहणाऱ्याला शून्य. रिफॉर्मची मागणी दुसऱ्यासाठी होती.

शेवंता

सगळे राष्ट्रकुलातच अडकलेत. खरोखर जिंकलेली मोहीम कोणी सांगितलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात आयरिश सैन्यातून सुमारे पाच हजार सैनिक परवानगीशिवाय निघून ब्रिटिश फौजांत दाखल झाले आणि नाझींशी लढले. आयर्लंड तटस्थ होता. १९४५ मध्ये आणीबाणी आदेश क्रमांक ३६२ काढून त्यांना सरसकट बडतर्फ केलं. खटला नाही, सुनावणी नाही. निवृत्तिवेतन गेलं आणि सात वर्षं सरकारी पैशावर चालणारी कोणतीही नोकरी बंद. घरच्यांची उपासमार झाली.

त्यांच्यासाठी मूठभर लोकांनी माफीची मोहीम चालवली. मागणी एका वाक्याची: कायदा करून माफी द्या. भरपाई मागितली नाही, तटस्थतेच्या धोरणावर बोट ठेवलं नाही. हयात असलेले सैनिक नव्वदीच्या घरात होते, त्यामुळे 'पुढच्या अधिवेशनात बघू' म्हणायची सोय उरली नाही. ब्रिटनच्या संसदेतूनही पाठिंबा मिळाला, पण निर्णय डब्लिनचाच राहिला. मे २०१३ मध्ये कायदा झाला, संरक्षणमंत्री अ‍ॅलन शॅटर यांनी तो नेला. मसुदा बारकाईने बघा. माफी आणि खटल्यापासून संरक्षण आहे, आणि सरकारवर आर्थिक दायित्व येणार नाही हेही त्यातच लिहिलं आहे. त्यामुळे अर्थखात्याला विरोधाचं कारण राहिलं नाही.

त्याआधी जमीन तयार झाली होती, तेही खरं. डब्लिनमधलं पहिल्या महायुद्धातल्या आयरिश सैनिकांचं आयलंडब्रिजचं स्मारक, आराखडा नवी दिल्लीच्याच लट्यन्सचा, अनेक वर्षं उकिरड्यासारखं पडून होतं. १९८० च्या दशकात त्याची डागडुजी झाली. १ जुलै २००६ ला त्याच युद्धातल्या सोमच्या लढाईच्या नव्वदाव्या वर्षी तिथे सरकारी मानवंदना झाली, आणि मे २०११ मध्ये राणीने तिथे पुष्पचक्र वाहिलं.

तांबडं फुटलं

@शेवंता, याला मी विरोध करू शकत नाही. इथे कोणाला आयरिश असण्यात काही कमी करायला सांगितलं नव्हतं.

पैलतीर

शेवंता, हाच प्रतिसाद हवा होता. आता मूळ प्रश्नाकडे: याच पद्धतीने रिफॉर्मने आज काय मागावं? दीपस्तंभ, कोकणकडा, तुम्ही सांगा.

दीपस्तंभ

सदस्यत्व बाजूला ठेवून इरॉक्तसच्या (आयरिश संसदेच्या) परराष्ट्र समितीकडे एका बैठकीची मागणी. विषय: कलम २९.४.२ खाली राष्ट्रकुल सदस्यत्वाचे कायदेशीर आणि आर्थिक परिणाम. सोबत दोन पानी टिपण, त्यात वार्षिक वर्गणी कशी ठरते हे आणि प्रजासत्ताक सदस्यांचे दाखले. समितीने अहवाल काढला की तो संसदेचा कागद होतो, मग पुढच्या कुठल्याही मंत्र्याला तो सहज डावलता येत नाही. इरॉक्तसच्या सार्वजनिक याचिका समितीकडे समांतर अर्ज करता येईल, पण दोन्हीकडे एकच मजकूर पाठवू नये. 'दुसरीकडे विचाराधीन' म्हणून परत येतो.

कोकणकडा

आणि नागरिकत्वासाठी वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे ब्रिटनच्या संसदेकडे, वेगळी वाट. २०२४ च्या कायद्यातली राहण्याची अट फक्त १९४९ नंतर जन्मलेल्या, आई किंवा वडील ब्रिटिश प्रजा असलेल्यांपुरती शिथिल करा, एवढीच दुरुस्ती. तिथल्या ई-याचिकेवर सही करायला ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनचा रहिवासी असावं लागतं, त्यामुळे दक्षिणेतल्या ज्यांना हे हवंय त्यांनाच सही करता येणार नाही. सह्या उत्तरेतल्या नातेवाइकांकडून. १०,००० झाल्या तर सरकारचं लेखी उत्तर मिळतं, १,००,००० ला चर्चेसाठी विचार होतो. पहिला आकडाच लक्ष्य ठेवावा. लेखी उत्तरात नकाराचं कारण येतं, आणि पुढची दुरुस्ती त्या कारणावर बेतता येते.

बखरकार

त्या दुरुस्तीत 'आजी किंवा आजोबा' घालण्याचा मोह होईल. घालू नये. लाभार्थींची संख्या एकदम इतकी फुगेल की गृहखातं पहिल्याच वाचनात फाइल बंद करेल.